बांधाकडच्या चार ओळी

(पारोळ्याजवळचं कपाशीचं शेत. १९९३ सालचा दसरा नुकताच झालेला. शेतमालक आधार पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभा आहे. वेचणीच्या बायकांची पुढारीण द्रौपदाबाई बांधावर बसली आहे. जळगावच्या संशोधन केंद्रावरचा सहायक नवल स्टँडवरून चालत आला आहे.)

आधार : ...पंप भरून झालाय साहेब, आता थांबा म्हणू नका. आज या चार ओळींवर मारतो आणि उद्या उपटूनच टाकतो. भेंडी, अंबाडी, सगळंच. अळी इथूनच मध्ये शिरते.

नवल : शिरत असेलही. पण मला आधी सांगा, मागच्या महिन्यात मी तुमच्या शेतातल्या अळ्या नेल्या होत्या...

आधार : नेल्या ना. एकेका डबीत एकेक. झुलालकाका पारावर सगळ्यांना सांगत होता, सरकारनं आता अळ्यांना स्वतंत्र खोल्या दिल्या.

नवल : एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात.

आधार : म्हणजे आमच्या भाऊबंदांसारख्याच. बरं, मग तुमचं पत्र आलं. पाठीवर औषधाचा थेंब टाकून पाहिला, पन्नासातल्या सेहेचाळीस मेल्या, औषध लागू पडतंय, हेच चालू ठेवा. ठेवलं. दोन वेळा आणखी मारलं, एकूण नऊ फवारण्या झाल्या. आता ही कैरी बघा, हे हिरवं बोंड. कालच फवारली. अळीचं डोकं बोंडात, अर्धं अंग बाहेर, अंगावर औषध वाळलंय, आणि तिचं जेवण चाललंय.

नवल : बघतोय. म्हणून तर आलो. ते पत्र तुम्हाला एकट्यालाच नाही गेलं, आजूबाजूच्या अकरा गावांना गेलंय. परवापासून सगळे हेच औषध मारायला घेतील. माझी चूक असेल तर ती मला आजच सापडली पाहिजे. पारोळ्याला जाऊन केंद्रावर फोन करायचाय. त्या अळ्या शेतातल्या कुठल्या भागातल्या होत्या?

आधार : मला काय माहीत? मी त्या दिवशी धुळ्याला गेलो होतो. अक्काला सांगून गेलो होतो, साहेब येतील, त्यांना पन्नास अळ्या वेचून दे. काय गं अक्का, कुठून दिल्या होत्या?

द्रौपदाबाई : शेतमातूनच दिन्यात. बजारमाईन कोन आनी अळ्या?

आधार : पण कुठल्या बाजूनं?

द्रौपदाबाई : तू पहिले तो पंप खाले ठेव.

आधार : पंपाचं काय मधेच?

द्रौपदाबाई : ठेव म्हन्तस ना. मंग बोलसू.

आधार : घे. ठेवला.

द्रौपदाबाई : नवलभाऊ, तू माले काय सांगेल व्हतं? पन्नास अळ्या दे अक्का, चांगल्या, धट्ट्याकट्ट्या देखीसन दे. असंच ना?

नवल : असंच. मरायला टेकलेली नको, म्हणून म्हणालो होतो.

द्रौपदाबाई : मधल्या अळ्या तू देख एकदा. काळवंडेल, आखडेल, अंगले औषधना वास. पाव्हना जळगावथून येस, त्याना हातमा असं देवाय का? मी त्या वरन्या वर टाकी दिन्यात. मंग आठे बांधवर उनू. या भेंडीवर कशा हिरव्यागार, लोनीना गोळा जशा. एकेक निवाडीसन डबीमा टाकी.

नवल : सगळ्या पन्नास?

द्रौपदाबाई : बठ्ठ्या. आठेन्याच.

आधार : म्हणजे मी मधल्या रानातलं औषध भेंडीवरच्या अळीला विचारून मारलं?

द्रौपदाबाई : तुले राग येवाना, हाई माले माहीत व्हतं. आनी राग उना का तू पहिले हाई भाजी उपाडशी, हाई बी माहीत व्हतं. म्हनीसन पत्र उनं तवपासून आठ दिन तोंड बंद ठेवं मी.

आधार : दोन फवारण्या, अक्का. त्या आठ दिवसांतच झाल्या.

द्रौपदाबाई : व्हय. ते मन्हावर शे.

नवल : अक्कावर कसं? चांगल्या आणा असं मीच म्हणालो. कुठल्या ओळीतल्या हे विचारायला मलाच सुचलं नाही. आधारभाऊ, या चार ओळींवर तुम्ही कधीच फवारलं नाही?

आधार : कसं फवारणार? दुपारी सगळ्या बायका इथलीच भेंडी तोडून चुलीवर टाकतात, भाकरीबरोबर खातात. माझ्या आईच्या वेळेपासून आहे हे. पेरताना गाणंसुद्धा आहे यांचं. म्हण ना अक्का.

द्रौपदाबाई : आते काय गानं म्हनू, तू उपाडाले उभा.

आधार : म्हण. एवढं बोललीस, तेही बोल.

द्रौपदाबाई : मधलं रान धनीनं, बांधवरनी ओळ,
दुपारनी भाकरले भेंडी, अंबाडी, घोळ.

नवल : म्हणजे माझी मोजणी बरोबर होती. सेहेचाळीस खरंच मेल्या. त्यांनी जन्मात औषध पाहिलं नव्हतं.

आधार : मग माझंच खरं ठरलं की. हे अळीचं माहेर आहे. इथं खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते आणि मध्ये नांदायला जाते. उपटायलाच पाहिजे.

नवल : माहेर आहे, हे खरं. पण मध्ये काय झालंय ते ऐका. पहिल्या फवारणीत मऊ होत्या त्या मेल्या. ज्यांना औषध पचलं त्या राहिल्या. दुसरीत पुन्हा तसंच. नऊ वेळा तुम्ही चाळणी लावलीत भाऊ, आणि राहिलेलं बियाणं औषध पचवणारं. आता त्यांचे पतंग आपसातच जुळले तर पुढची सगळी पिल्लं तशीच निघतील. पण इथले, या भेंडीवरचे पतंग त्यांच्यात मिसळले, तर पुढच्या पिल्लांतली बरीचशी पुन्हा औषधाला मरतील.

द्रौपदाबाई : म्हंजे मधला घरले आठेनी सोयरीक करनी.

नवल : तेच म्हणतोय.

आधार : आता अळ्यांची लग्नं जुळवायची मी. झुलालकाकाला कळू देऊ नका एवढं.

द्रौपदाबाई : त्याले मीच सांगसू. आहेर बी आन म्हनसू.

नवल : आमच्याकडे डोंगरात माझी आई, मोगराबाई, ज्वारीची सगळ्यात भरलेली कणसं खाऊ देत नाही. चुलीवर टांगून ठेवते, पुढच्या सालाला. आम्ही लहानपणी रडायचो. हे तसंच आहे. मरणाऱ्या अळ्या थोड्या राखून ठेवायच्या. ओळी उपटल्यात तर या शिवारात औषधाला मरणारी अळीच राहणार नाही.

आधार : खात्रीनं सांगता?

नवल : नाही. पुस्तकात असं लिहिलंय. खानदेशातल्या शेतात अजून कोणी बारा महिने बसून मोजलेलं नाही. एकदा घाईनं पत्र लिहिलं, आता खात्री देत नाही.

आधार : हे बोललात ते बरं केलंत. आणि मधलं पीक? फुलं, कळ्या गेल्या. ज्या कैऱ्या राहिल्यात त्यांचं काय?

नवल : हे औषध या हंगामात बंद. दुसऱ्या जातीचं एकदाच, तेही मी अळ्या तपासून सांगेन तेव्हा. तोवर हातानं वेचा. जागोजागी काठ्या रोवा, पाखरं बसतील आणि टिपतील. सगळं वाचणार नाही, पण काही हाती लागेल.

द्रौपदाबाई : उद्या कापूस वेचाना नही. कलाबाईले सांगस, बठ्ठ्या बाया अळ्याच वेचतीन. टोपलीमा राकेल टाकीसन आनसूत.

आधार : आणि या चार ओळी?

द्रौपदाबाई : ते तू बोल. रान तुन्हं शे.

आधार : राहू दे. पंप घरी नेतो.

नवल : आता फोन करून त्या अकरा गावांना थांबवायला सांगतो. पण जायच्या आधी मला पुन्हा पन्नास अळ्या लागतील. या वेळी मधल्या. काळ्या, आखडलेल्या, कशाही असू देत. अक्का, येता का?

द्रौपदाबाई : येस. पन तशी वस्तू पाव्हनाले देवाले मन्हा हात धजत नही भाऊ.

आधार : तू बस अक्का. त्यांना भेंडी बांधून दे. मधल्या मी वेचून आणतो. त्या माझ्याच आहेत.