हळू चार्ज करणारा

— नाही, नाही, तो परत ठेवा, खोक्यावरचं ते चमकत्या विजेचं चित्र बघूनच माझं डोकं फिरतं! किती वेळा सांगू, मला जलद नको. हळू चार्जर हवा. चार-पाच भोकांचा — पोर्ट म्हणतात का, बरं, पोर्ट तर पोर्ट — पण हळू. हसताय काय? म्हातारीला काय कळतंय, असंच ना? सगळं कळतं. दोन फोन, दोन टॅब्लेट आणि वर नातीचं ते कानात खुपसायचं, सगळं एकदम लावलं की वीज वाटली जाते आणि सगळंच रखडतं — मला तो रखडणारा द्या. तुमच्या दुकानात नसेल तर तसं सांगा, अख्ख्या देव्हेंटर गावात तुमचं एकच दुकान नाही.

होता ना माझ्याकडे! हार्मेननं, माझ्या नवऱ्यानं, राजाच्या वाढदिवसाला लोक रस्त्यावर चादरी टाकून जुनं सामान विकतात ना, तिथे कुणाच्या तरी चादरीवरून उचलून आणलेला. इतका मठ्ठ, की टॅब्लेट भरायला अख्खी दुपार जायची. हार्मेन गेला, तो मठ्ठ मागे राहिला. रविवारी माझा मुलगा येतो, सिब्रेन, उट्रेख्तहून, बायकोपोरांना घेऊन. आले की पहिलं काम काय? आजीला पापी? छे! सरळ स्वयंपाकघरात, वायरी लावायच्या. मग कॉफी, प्रत्येकाला एक बिस्किट, डब्याला झाकण — आणि पाच वाजले की सिब्रेन जाकीट घालतो. घालणारच. बोलावल्याशिवाय जेवायच्या वेळी कुणाकडे टेकायचं नाही, हे मीच त्याला शिकवलंय — शेजारी बटाटे उकळल्याचा वास आला की मुकाट्यानं घरी यायचं. पण तेवढ्यात माझा नातू, जुर्रे, आतून ओरडायचा, ‘अजून अर्धाच झालाय!’ मग काय, एवढा लांबचा प्रवास, गाडीत दोन पोरं, तीही टॅब्लेटशिवाय? बसायचे परत. आणि बसल्यावर मी काय त्यांच्यासमोर एकटीच सूप पिऊ? आता बसलाच आहात तर घ्या, म्हणायचे. पातेलं मोठं असायचं, ते आपलं माझ्याकडे लहान नाही म्हणून.

आहे, लहानही आहे. तुम्हाला काय करायचंय?

फेना, नात हो, हार्मेनच्या खुर्चीत बसायची, माझ्या ताटलीतल्या सुपातले सॉसेजचे तुकडे काट्यानं पळवायची, आणि मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं करायचे. जुर्रे तर बोलायचा! शाळेत कुणाचा दात पडला, कुणाची मांजर हरवली — हातात टॅब्लेट नसला ना, की त्या पोराला तोंड फुटतं.

आणि मग माझी सून, ॲनलोट. ‘आई, तुमच्यासाठी भेट!’ सहा पोर्ट, पांढराशुभ्र, नखाएवढा दिवा. जुना कुठाय विचारलं, तर बाईंनी तो सुपरमार्केटातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकलेला! मला न विचारता! हार्मेननं आणलेली वस्तू! आणि गेल्या रविवारी कॉफी संपते न संपते, तो जुर्रे आतून म्हणतो, ‘सगळे फुल!’ झालं. पाचाच्या ठोक्याला उठले. ॲनलोट खूश — बघा आई, कसा पटकन होतो. पटकन! सिब्रेन दारात उभा, जाकीट अंगात, नाक वर करून म्हणतो, ‘वाटाण्याचं सूप वाटतं?’ मी म्हटलं, ‘हो, उद्यासाठी.’

काय? — थांबा म्हणायचं? मी? अहो, असं मागायचं असतं का? आणि ‘नाही आई, निघायला हवं’ म्हणाला, तर? मग मी तोंड कुठे लपवू, सांगा ना! त्यापेक्षा आठवडाभर एकटीनं तेच सूप गिळलं. तळाशी लागलेलंसुद्धा.

हा? हा सगळ्यात हळू? बघू. सगळं लावलं तर किती — दुपारभर? नुसतं तोंडदेखलं सांगू नका, नक्की सांगा. द्या मग. तो पांढरा पलंगाखाली जाईल, आणि बिघडला म्हणून सांगेन, ॲनलोटला काय कळतंय —

काय म्हणालात?

गाडीत? टॅब्लेट गाडीत कसा चार्ज होईल? — हल्लीच्या सगळ्या गाड्यांत? मागच्या सीटलासुद्धा?

आहे हो. सिब्रेनच्या गाडीत आहे तसलं भोक. पुढे आहे आणि मागे, दोन पोरांच्या मधे. फेनाची वायर तिथेच लोंबत असते, दर वेळी दारात अडकते, मीच आत ढकलते. गाडी घेतल्यापासून आहे ते.

मग जुर्रे अर्धाच झालाय म्हणून ओरडायचा, तेव्हा सिब्रेन जाकीट काढून का बसायचा? त्याला माहीत नव्हतं? त्यानंच ती गाडी घेतली, त्याला माहीत नव्हतं?

आणि दारात उभं राहून विचारत होता. सूप वाटतं, म्हणून. आणि मी मूर्ख —

नाही, नको. गुंडाळू नका. ठेवा तो फळीवर. आणि तोंड वासून बघू नका माझ्याकडे, मला बरं वाटतंय! काटा कुठाय घड्याळाचा — उद्या रविवार, आणि खाटकाचं दुकान आज लवकर बंद होतं. व्हा बाजूला. आधी सॉसेज, मग घरी जाऊन फोन. जेवायला या म्हणून. हो, असंच म्हणणार, सरळ. तुमचं काय जातंय? दार धरा, सायकल बाहेर लावलीये.