कोपऱ्यापासून पायी

वाळूजच्या पेट्रोल पंपावर रांग सरकेना, म्हणून वैदेहीने हॉर्न वाजवला. तिच्या पुढच्या दोघा मोटरसायकलवाल्यांचं बोलणं काही थांबलं नाही.

"सोनाजी, गल्लीच्या कोपऱ्यापासून रोज गाडी ढकलत का नेतो रे?"

"पोरीला आवाज सोसत नाय. फटफट ऐकली की कान दाबून पलंगाखाली जाती. म्हणून कोपऱ्यावरच बंद करतो."

"आन् शेजाऱ्यांच्या गाड्या?"

"ते बी ढकलतच नेत्यात."

"तू सांगितलं व्हय?"

"नाय बा. इचारलं तर म्हणत्यात, पेट्रोल वाचतं."

"वाचत असंल."

"व्हय. पण आमचे गुरुजी बी कोपऱ्यावर उतरून सायकल उचलून नेत्यात. चेन लई कुरकुरती तिची."

"त्यांनी काय सांगितलं?"

"तेच. पेट्रोल वाचतं."