तुरटी फिरव

सदर भागातल्या सलूनमध्ये मी नंबर लावून बसलो होतो. खुर्चीतल्या रुपरावकाकांची दाढी झाली, तसं सलूनवाल्यानं लोशन उचललं.

“ते नको लावू गा. त्यात दारू असते.”

“तोंडाले लावून राहिलो काका, पाजून नाही राहिलो!”

“कातडीतूनही आत जाते म्हणते डॉक्टर. दारू सुटावी म्हणून गोळी चालू हाय माही. थोडीशी आत गेली तरी लय तरास होते. तू तुरटी फिरव.”

“झोंबन ना काका.”

“झोंबू दे. पोरीकडं चाललो. मागं दारातच म्हणे, बाबा, वास येऊन राहिला, बाळाले नका घेऊ.”

“अन् आता?”

“काल तिनंच फोन केला. म्हणे, नातवाले खेळवाले या.”

“मंग उठू नका. अजून एक हात मारून देतो. बाळाचे गाल लय नरम असते.”