आजचं पान

(दुपार. पक्षाघातातून अर्धे सावरलेले, इंग्रजीचे निवृत्त सर पलंगावर उशीला टेकून. त्यांची देखभाल करणाऱ्या बाई स्टुलावर, मांडीवर सरांच्या लेकीला रोज पाठवायची इंग्रजी वही.)

बाई : तसं नाही लिहिणार मी, सर.

सर : का? वाक्य निर्दोष आहे. 'आफ्टर रेस्टिंग ऑन द फ्लोअर, ही हॅड टी.' जमिनीवर विसावल्यानंतर चहा घेतला.

बाई : विसावलात? मी औषधं घेऊन आले तेव्हा बाथरूमच्या दारात पालथे होतात.

सर : पालथा माणूसही विसावू शकतो.

बाई : डोकं इकडे करा. इथे दुखतंय?

सर : नाही.

बाई : इथे?

सर : नाही. दुखत नाही हीच तर तक्रार आहे. तू गेलीस नि लगेच पडलो एवढं कळलं, आलीस ते नाही.

बाई : डॉक्टरांना फोन केलाय. तासाभरात येतात. तोवर वही पुरी करते. पडलात, असंच लिहिते.

सर : आधी दोनदा पडलो, दोनदा लिहिलंस. तिसऱ्यांदा पडलो तर वृद्धाश्रमात ठेवणार, असं लेकीनं स्वच्छ सांगितलंय. तुझंही काम जाईल.

बाई : जाऊ दे.

सर : आणि तू तासभर कुठे होतीस, तेही लिहिणार? औषधाचं दुकान तर कोपऱ्यावर आहे.

बाई : बहीण भेटली, बोलत बसले. लिहिलंय तेही. 'विदाउट टेलिंग सर, आय वॉज आउटसाइड वन अवर.' सरांना न सांगता...

सर : कळतं मला. मीच शिकवलंय.

बाई : तुम्हीच. नंतरला आफ्टर, आधीला बिफोर, न करता असेल तर विदाउट, आणि पुढच्या शब्दाला आयएनजी. एवढ्या भांडवलावर वर्षभराची वही भरली.

सर : लोकांच्या चिठ्ठ्याचपाट्याही एवढ्यावरच चालतात. आफ्टर ईटिंग, बिफोर स्लीपिंग. माझा अख्खा दिवस त्यात मावतो. वर जागा उरते.

बाई : आधीच्या घरी एक आजी होत्या. पडल्या आणि म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस, काही दुखत नाही. मी झाकलं. चौथ्या दिवशी गेल्या. डोक्यात आत रक्त साकळलं होतं.

सर : कधी बोलली नाहीस.

बाई : कुणाशीच नाही. रडूही आलं नाही. त्यांच्या चादरी धुतल्या, वाळत घातल्या आणि दुसरं घर शोधलं. तेव्हापासून आतून काही हलतच नाही बघा. फक्त खोटं लिहायला हात धजत नाही.

सर : वाच, काय लिहिलंयस.

बाई : म्हणून हे. 'आफ्टर फॉल इन बाथरूम, सर वॉज ऑन फ्लोअर वन अवर.' आता फोटो काढून ताईंना पाठवते.

सर : मी न तपासता?

बाई : नका तपासू. तुमच्या नावावर नको. मी लिहिलं, मी निस्तरीन.

सर : तसं चालायचं नाही. ती माझ्याच वर्गात शिकली. चूक दिसली की ओळखेल, आज बाबांनी वही पाहिलेली नाही. म्हणजे बाबा शुद्धीवर नाहीत. उगाच घाबरेल.

बाई : मग काय करू?

सर : पेन दे. डाव्या हातात दे. 'फॉल' नाही, 'फॉलिंग'.

बाई : आणि बाकीचं?

सर : बाकीचं बरोबर आहे.

बाई : सर, म्हणजे राहू दे?

सर : राहू दे. तिकडे वही लिहितात का गं, त्या आश्रमात?

बाई : माहीत नाही.

सर : लिहीत असतील. काढ फोटो. नीट काढ. मागे एकदा पुसट आला, वाचता येईना, तर बिचारीला फोन करावा लागला.

बाई : वर्षात त्यांचा तेवढाच एक फोन आला.

सर : हो. तेरा मिनिटं बोलली.

बाई : मग आज फोटो काढताना माझा हात जरा हलेल, सर.