तीन हातांवरची खिडकी

आधी माझा मूर्खपणा लिहून घ्या बाई, मग बाकीचं. मी माझ्या स्वयंपाकघराची चांगली वाऱ्याची खिडकी सुतार बोलावून बंद करून घेतली. वर फळी ठोकली नि बरण्या मांडल्या. हसा आता.

मी मूळची राजापूरकडची. लग्न होऊन परळच्या चाळीत आले आणि नव्वदच्या आसपास आम्ही वसईकडच्या नायगावला ब्लॉक घेतला. काय सांगू तुम्हाला तेव्हाचा माझा तोरा! स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, आता मी कुणाला हाक मारणार नाही नि मला कुणी मारू नये. पण बिल्डरनं दोन बिल्डिंगा अशा खेटून बांधलेल्या की माझ्या खिडकीसमोर तीन हातांवर पलीकडच्या बिल्डिंगची खिडकी, आणि तिच्यात मार्थाबाय. तिथल्याच भुईगावची, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. नवरा गेलेला, मुलगा-सून सकाळीच मुंबईला कामाला, दिवसभर एकटी.

पहिल्याच दिवशी तिनं ग्रिलवर उलथणं दोनदा वाजवलं, टणटण, नि म्हणाली काय गं पोरी, घरात मीठ आहे का? मी म्हटलं आहे की. नव्हतं. तिनं हात लांब करून मिठाची वाटी पुढे धरली, मी मुकाट्यानं घेतली.

मग सात-आठ वर्षं ते टणटणच आमचं. माझे मोदक तिकडे, तिचे नाताळचे तळलेले गोड फुगे इकडे. कालवणाची चव बघ म्हणून पळीसुद्धा इकडून तिकडे जायची. दुपारी दोघी खिडकीशी बसून तांदूळ निवडणार, खडे कमी नि गप्पा जास्त. मी तापानं पडले तर पेज खिडकीतून आली. आमचे हे म्हणायचे, ब्लॉक एक घेतला नि स्वयंपाकघरं दोन मिळाली. खरं सांगते, तेवढं सुख मला नंतर कशात लागलं नाही.

तर माझ्या थोरल्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलीकडची माणसं घर बघायला आली. मार्थाबायच्या भावाच्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी, तिनंच सोलून वाळवलेली, ती मी बशीत मांडली नि ठसक्यात म्हटलं, ही मी घरी करते. तेवढ्यात टणटण! नि खिडकीतून मार्थाबाय एवढ्या मोठ्यानं, अगं पोरी, माझी सुकेळी आवडली का पाहुण्यांना? पाहुणे पोट धरून हसले. लग्न ठरलंसुद्धा. पण माझं नाक! आठ दिवसांत सुतार आणला. तिला म्हटलं धूर येतो, जागा पुरत नाही. ती फक्त बरं म्हणाली.

मग भेटायचं म्हणजे तीन जिने उतरा, तीन चढा. तिचे गुडघे गेलेले, माझा अहंकार शाबूत. जाऊ जाऊ म्हणत पावसाळा गेला, नाताळही गेला. पहिल्यांदाच फुगे आले नाहीत.

आणि एक दिवस दुपारी ती स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. खुबा मोडला. मुलगा कामावरून येईपर्यंत तशीच लादीवर. आणि मी कुठे होते विचारा. मी त्या फळीच्या अलीकडे तांदूळ निवडत होते, बाई. तीन हातांवर. एकटीच होते, म्हणून खडेसुद्धा भराभर निघाले.

फळी मी त्याच आठवड्यात काढली. काय उपयोग? ती अंथरुणातून उठलीच नाही, वर्षभरात गेली. मुलानं जागा विकली. नव्या लोकांनी त्या खिडकीत एसीचं खोकं बसवलं, माझ्या तोंडावर गरम वारा येतो. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. मी अजून सकाळी उलथणं दोनदा वाजवते. नातू म्हणतो, आजी, कोणाला बोलावतेस? मी म्हणते, तुझ्या आजीच्या अकलेला.

बायांनो, खिडक्या उघड्या ठेवा, एवढंच. मला काही आता मिळायचं नाही. ती अंथरुणावर असताना मी बघायला गेले होते. पाय धरले, म्हटलं मार्थाबाय, एक हाक मारायचीस, भिंत फोडून आले असते. ती माझा हात थोपटत म्हणाली,

उलथणं हातातच होतं गं पोरी. पण म्हटलं, तू खिडकी लावून घेतलीस, म्हणजे तुला आवाज नको असेल.