पिकायची वाट

गेल्या महिन्यात वारलेल्या आईचा चष्मा दान करायला शैलजा जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आली होती. बाकावर शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर पाच महिन्यांची पोर होती.

"मोतीबिंदू पिकल्याबिगर काढत न्हाईत, कांता. माझा दोन वर्षं पिकू दिल्ता."

"तुम्ही साठ वर्षं बघितलं, मंग मोती आला, आत्याबाई. हिनं अजून काहीच बघितलं न्हाई."

"इवलासा जीव! दिवाळीपर्यंत तरी थांब."

"डोळ्याला बघायला शिकावं लागतं, म्हणल्या डॉक्टरीणबाई. आता शिकला न्हाई, तर मंग मोती काढूनबी दिसत न्हाई. धावड्याला दिलेल्या तुमच्या भाचीच्या पोरीचं काय झालं?"

"तिचा बराबर पिकल्यावर काढला."

"मोती निघाला. पोर भिंती चाचपीतच राह्यली."

शैलजाने हातातलं चष्म्याचं घर हळूच मिटलं.

"लई बोलाया लागलीस."

"तुमच्याच घरात शिकले."

"वडीगोद्रीची गाडी जाईल आपली."

"जाऊ द्या."

आतून त्यांचा नंबर पुकारला.

"आण तिला इकडं. तू कागद घे. बघ, माझ्याकडंच बघून राह्यली."

"तिला दिसत न्हाई, आत्याबाई."

"ठावं हाय मला. शिकून राह्यली ती."