आप्पांच्या हिरव्या कारव्या

अरे, आमच्या राहू गावच्या आप्पांच्या थापा बंद करणारी एकच बाई मी पाहिली. घाटातलं पावसाळी जंगल टिकवायचं तर तोडीचे नियम कसे असावेत, याचा ती अभ्यास करते. टोमॅटोला आधार द्यायच्या कारवीच्या काठ्या त्याच जंगलातून येतात, म्हणून ती थेट आप्पांच्या रानात आली.

आप्पांना वाटलं, ही दंड करणार. "ह्या काठ्या व्हय? धा वर्षं झाली. नव्या घेतच न्हाई आम्ही."

"वा आप्पा! मग सरकारला तसंच सुचवते. दहा वर्षांतून एकदाच तोड करू द्या म्हणते."

आप्पांचा चेहराच उतरला. "थांबा ताई! दोन हंगामात मोडत्यात वो. ह्या तर परवाच आणल्यात."

"ते आल्या आल्याच कळलं. साल हिरवी आहे अजून," ती हसून म्हणाली, आणि बांधावर बसून तिनं आप्पांकडून सगळं खरं ऐकून घेतलं.

तेव्हापासून आप्पा गावभर बजावत फिरतात, "ती ताई आली की खरंच बोला रं. ती थाप मुकाट ऐकून घेती, आन् त्या थापेचाच कायदा करती!"